बसून पगार

शहराचं बजेट आलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "बंबवाले दिवसभर कॅरम खेळत बसतात, त्यांच्यावर एवढा खर्च कशाला?" अग्निशमन दलाबद्दल हे म्हणणाऱ्यांत कधीकाळी मीही होतो, आधीच कबूल करतो. मग एकदा कागद-पेन घेऊन हिशेब मांडला आणि तोंड बंद झालं.

आठवड्याचे तास १६८. एक माणूस साधारण ४२ तास ड्युटी करणार. म्हणजे बंबावरची एक जागा रात्रंदिवस भरलेली ठेवायला ४ माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरा, आकडा ५ च्या जवळ जातो. बंबावर चौघं हवेत, म्हणजे एका बंबामागे १६ ते २० पगार. आता कुणीतरी बजेटात "फक्त चार पदं" कापतं. कागदावर ती वीसातली चार दिसतात. प्रत्यक्षात बंबावरची एक जागा कायमची रिकामी झालेली असते, नाहीतर तीच जागा ओव्हरटाइमनं भरली जाते आणि पैसे दुसऱ्या खात्यातून जातात.

तिघांनी काय बिघडतं? अमेरिकेत नियम आहे: धुरानं भरलेल्या इमारतीत दोघं आत शिरणार असतील तर दोघं बाहेर सज्ज हवेत. आत कुणी अडकलंय हे माहीत असेल तर सूट आहे. एरवी तिघांचा बंब वेळेत पोचतो आणि आत शिरायला दुसऱ्या बंबाची वाट बघत दारात थांबतो. मोठ्या शहरात तो शेजारच्या केंद्रातून येईल. लहान शहरात मुळात केंद्रच एक. लोकवस्ती निम्मी म्हणून अर्धा बंब ठेवता येत नाही ना!

पोलिसांचं गणित वेगळं. कित्येक देशांत त्यांचा पगार शहर देतच नाही, वरचं सरकार देतं. पण जिथे दोन्ही खाती शहराच्याच तिजोरीवर आहेत तिथे रस्सीखेच होते आणि बहुतेक वेळा बंबवाले हरतात, असं माझं मत. चोराची भीती रोज रात्री कडी लावताना आठवते. आगीची भीती शेजारच्या खिडकीतून धूर निघेपर्यंत कुणाला नसते.

म्हणून गस्तीच्या गाड्या वाढवायची मागणी आली की मला अमेरिकेतलं कॅन्सस सिटी शहर आठवतं. तिथे १९७२-७३ मध्ये काही भागांत नेहमीची गस्त थांबवली, काहींत वाढवली, काहींत होती तशी ठेवली. गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणावा असा फरक पडला नाही. पोलीस नकोत असा याचा अर्थ नाही (हाक मारल्यावर ते येतच होते). पण "गाड्या वाढवा" हे उत्तर तपासल्याशिवाय मान्य करू नये.

उलट बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या वॅलेहो शहरानं २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिथल्या सर्वसाधारण निधीचा बहुतांश भाग पोलीस आणि अग्निशमन दलाच्या पगार-करारांत जात होता. वर घरांच्या बाजारातली मंदी आली. शेवटी कपात झाली ती याच दोन खात्यांत, काही अग्निशमन केंद्रं बंद पडली. सुरक्षेच्या नावाखाली प्रत्येक करारावर डोळे मिटून सही करणं हीसुद्धा कपातच, फक्त उधारीवरची.

वर्गणीचा पर्यायही काही जण सुचवतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात साउथ फुल्टन गावचं अग्निशमन दल हद्दीबाहेरच्या घरांना वर्षाला ७५ डॉलर घेऊन सेवा द्यायचं. २०१० मध्ये एकानं ते भरले नव्हते. दल आलं, वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याची मालमत्ता वाचवली आणि याचं घर जळू दिलं. हिशेबात चूक काही नव्हती. तरी तो बंब माझ्या गावचा असावा असं मला वाटत नाही.

या वेळी बजेटच्या चर्चेत मी एकच आकडा मागणार आहे. दलाकडे किती बंब आहेत, हे सगळेच सांगतात. मला हवंय ते हे: गेल्या वर्षभरात किती रात्री बंबावर चौघांऐवजी तिघंच होते?