मारीचं वय

तो कॉफीचा मग माझा होता. पांढरा, चिनी मातीचा, त्यावर रेडिओ स्टेशनचं नाव आणि एक वाकडी गिटार. बाजारात त्याला कुणी दोन डॉलर देणार नाही आणि आमच्या घरात आधीच १९ मग आहेत, हे मला मान्य आहे. तरी तो माझा होता, आणि आज तो क्लीव्हलंडच्या कुठल्याशा उपनगरात एका ८२ वर्षांच्या म्हाताऱ्याच्या घरी पोचला असेल. नसेल तर पोस्टात असेल. फुटला असेल तर उत्तम.

झालं असं, की शनिवारी दुपारी गाडी खड्ड्यात गेली आणि टायर फुटला. फेब्रुवारीत बर्फ वितळायला लागलं की इथले रस्ते बघून मला गावाकडचे रस्ते आठवतात आणि ऊर भरून येतो. गॅरेजवाल्याने फुटका टायर बघितला, मग न फुटलेले तीन बघितले आणि चारही बदलावे लागतील म्हणाला. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणे. घेताना हे कुणी सांगत नाही. तर मी वेटिंग रूममध्ये जाऊन बसलो. करपलेल्या कॉफीचा वास, मागच्या वर्षीची मासिकं, कोपऱ्यात रेडिओ, आणि रेडिओवर माझा कार्यक्रम.

‘माझा’ अशासाठी, की गेली २२ वर्षं मी तो ऐकतोय. अमेरिकेत आलो तेव्हा घेतलेल्या जुनाट गाडीत फक्त रेडिओ चालायचा (हीटरही नाही), तेव्हापासून. जुनी रॉक अँड रोल गाणी, आणि दर शनिवारी एक विषय. मागच्या आठवड्यात बूट होते, म्हणजे कार्ल पर्किन्सच्या गाण्यातले निळे. त्याच्या आधी गाड्या. या वेळी टेलिफोन. निवेदकाला एकच खोड आहे, गाणं सुरू झालं तरी तो बोलत राहतो, थेट गायकाने तोंड उघडेपर्यंत. आपल्याकडे लग्नात मंगलाष्टकं चालू असताना गुरुजी फोटोग्राफरशी बोलतात, तसं.

बिग बॉपरचं १९५८ चं ‘हॅलो बेबी’वालं गाणं झालं, मार्व्हलेट्सचा १९६२ चा फोन नंबर झाला, आणि मग आला चक बेरी. ‘मेम्फिस, टेनेसी’, १९५९. गाणं संपायच्या आत आवाज बारीक करून निवेदकाने विचारलं, ज्या मारीला फोन लावायचा चाललाय, तिचं वय काय? पहिल्या बरोबर उत्तराला तो मग बक्षीस.

मारी म्हणजे बिस्किटवालीच, स्पेलिंग तेच. गाण्यात एक माणूस लाँग डिस्टन्स ऑपरेटरला विनवतोय, की मेम्फिसला मारीचा नंबर जोडून दे. तिने फोन केला होता, नंबर ठेवला नाही, काकाने निरोप घेतला आणि भिंतीवर लिहून ठेवला. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रेयसी असणार. अगदी शेवटी कळतं, की मारी ६ वर्षांची आहे आणि हा तिचा बाप आहे. नवरा-बायकोचं फाटलंय, मधे पोर सापडलीय. हे मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो. एक तर गाणं, आणि दुसरं ती भिंत. मिरजेला आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या काकूंचा पीपी नंबर होता. त्यांच्या फोनशेजारच्या भिंतीवर शिसपेन्सिलीने गॅसवाला, डॉक्टर, दूधवाला, आणि या सगळ्यांच्या मधोमध ‘जोशांना सांगणे – मामा निघाले’. मामा येऊन गेले, वारलेही, काकूंनी भिंत रंगवली नाही.

असो. मी फोन लावला. लागला! आतून एक पोरगी ‘होल्ड’ म्हणाली आणि कानात तोच कार्यक्रम सुरू झाला. मी आनंदाने मोठ्यांदा म्हणालो, ‘६ वर्षं!’

‘काय ६ वर्षं?’ समोरून आवाज आला.

तोपर्यंत मी त्यांना कोट समजत होतो. खुर्चीवर एक तपकिरी कोट होता, त्यात हे निघाले. (इंग्रजीत दोघांनाही एकच ‘यू’ असतं. मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणत होतो आणि ते मला ‘तू’ म्हणत होते, हे मला स्वच्छ कळत होतं.)

‘मारीचं वय,’ मी म्हणालो.

‘मारी त्याची मैत्रीण आहे.’

‘मुलगी आहे. शेवटच्या कडव्यात सांगितलंय.’

‘पोरा, या गाण्यावर मी आणि माझी बायको लग्नात नाचलो. १९६४. जॉनी रिव्हर्सने गायलेलं.’

‘त्यातही ती ६ वर्षांचीच आहे.’

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तू कुठला?’

हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होतं. मी गावाचं, म्हणजे इथल्या उपनगराचं नाव सांगितलं. ‘नाही, मुळचा?’ इंडिया म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम सुटला. वाद मिटला होता. ‘मग तुला कसं माहीत असणार! हे क्लीव्हलंड आहे. रॉक अँड रोल इथलं. रेडिओवाल्या ॲलन फ्रीडचा गाण्यांचा जलसा, मूनडॉग बॉल, १९५२, त्याला मी होतो.’

आता ही गोष्ट खरी आहे, की २१ मार्च १९५२ ला इथे तो कार्यक्रम झाला, दहा हजारांच्या जागेत कितीतरी जास्त माणसं घुसली आणि पोलिसांनी तो बंद पाडला. पण मला क्लीव्हलंडमध्ये भेटलेला प्रत्येक म्हातारा तिथे होता. पुण्यात नाही का, जो तो सवाई गंधर्वच्या मांडवात भीमसेनजींच्या बरोब्बर समोर बसलेला असतो.

‘तुमचं वय काय?’

‘८२.’

‘म्हणजे तेव्हा तुम्ही ९ वर्षांचे होता.’

‘मी उंच होतो,’ ते म्हणाले.

मला खरं तर इथे गप्प बसायला हवं होतं. पण कानात होल्ड होतं आणि डोक्यात चार टायरांचं बिल. मी म्हटलं, टेलिफोनचं गाणं आमच्याकडे चक बेरीच्या १० वर्षं आधी झालंय. १९४९, ‘पतंगा’ सिनेमा. नवरा रंगूनला, बायको देहरादूनला, आणि फोन पहिल्या झटक्यात लागतो. संगीत सी. रामचंद्र, पुणतांब्याचा माणूस, शमशाद बेगमबरोबर गायलेही तेच. त्यांनीच १९५७ ला ‘ईना मीना डीका’ केलं. पाचगणीला शाळेत असताना ‘क्वीन’ बँडवाला फ्रेडी मर्क्युरी पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, आणि रॉक अँड रोलवाल्या लिट्ल रिचर्डची गाणी म्हणायचा. हे सगळं मी एका दमात सांगितलं. साहित्य संमेलनाच्या मांडवात असतो तर टाळी पडली असती.

‘म्हणजे तुमच्याकडे १९४९ मध्ये फोन होते?’ ते म्हणाले.

हे मला अजून लागतंय. २२ वर्षं मी इथे कर भरतोय, बर्फ उपसतोय, यांची गाणी शब्दन् शब्द पाठ आहेत. एखादा गोरा माणूस भारतात जाऊन चार वर्षं सतार शिकला तर आपण त्याला शाल-श्रीफळ देतो. मला मात्र ‘तुला कसं माहीत?’ बरं, विचारणारा वाईटही नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

एवढ्यात त्यांनी खिशातून घडीचा फोन काढला आणि बायकोला लावला. ‘हनी, मारी ६ वर्षांची आहे म्हणे.’

पलीकडून स्वच्छ ऐकू आलं, ‘कोण मारी?’

पुढची काही मिनिटं त्यांनी त्या माउलीला, मारी कोण, ती त्यांना कशी माहीत, आणि हे सांगणारा टायरच्या दुकानातला माणूस कोण, हे समजावण्यात घालवली. ६१ वर्षांच्या संसारात एवढा खुलासा त्यांना बहुधा कधी करावा लागला नसेल. मला बरं वाटलं, खोटं का बोला. मी कान होल्डकडे वळवला.

आणि मग त्यांचा आवाज मला दोनदा ऐकू आला. आधी समोरच्या खुर्चीतून, मग दोन-चार सेकंदांनी कोपऱ्यातल्या रेडिओतून.

‘६ वर्षं,’ कोट म्हणाला.

‘६ वर्षं,’ रेडिओ म्हणाला.

स्टेशनचा नंबर त्यांच्या फोनमध्ये एका बटणावर होता, कैक वर्षांपासून. माझा फोन आत कुणीतरी उलटा ठेवून विसरलं होतं. निवेदक खूश झाला. ‘वा! हे फार थोड्यांना माहीत असतं. तुम्हाला कसं माहीत?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भुवया उंचावल्या, म्हटलं, आता सांगा.

‘आम्ही त्या काळातले ना,’ ते म्हणाले. दोनदा.

त्याच क्षणी माझ्या कानात खट् झालं. ‘सॉरी, विजेता मिळाला. पण एखादं गाणं लावू का तुमच्यासाठी? विषय टेलिफोन.’

मी म्हटलं, ‘रंगून.’

‘कुणाचं?’

‘सी. रामचंद्र.’

‘स्पेलिंग सांगता?’

मी सांगायला लागलो. ‘आर फॉर रोल’ पर्यंत आलो असेन, तेवढ्यात समोरच्या कोटातून हात बाहेर आला आणि तोंडावर बोट ठेवून मला म्हणाला, ‘श्श. माझा पत्ता विचारणारेत, ऐकू येत नाहीये.’