चार पानं आणि दोनशे सेवा

साइट तयार असते. चार पानं, सजावटीची (सीएसएसची) एक फाइल, डझनभर फोटो. सगळं मिळून वजन जेमतेम तीन एमबी. लॉगिन नाही, डेटाबेस नाही. फायली कुठेतरी ठेवायच्या आणि मागेल त्याला द्यायच्या, म्हणजे होस्टिंग, एवढंच काम. पण ते कोणाकडे सोपवावं हे ठरवायला साइट बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण आपण नको तो प्रश्न घेऊन बसतो: सगळ्यात दमदार कोण?

या प्रश्नाचं उत्तर शोधत ॲमेझॉनच्या दारात गेलं की दोनशेहून जास्त सेवा अंगावर येतात. त्यांतल्या एस-थ्री या फायली साठवायच्या सेवेत स्टॅटिक, म्हणजे नुसत्या तयार फायलींची, साइट ठेवायची सोय २०११ पासून आहे आणि ती ठणठणीत चालते. बकेट (फायली ठेवायची जागा) बनवा, फायली चढवा, वेबसाइट होस्टिंग चालू करा. झालं. पान उघडलं की ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. एप्रिल २०२३ पासून नवी बकेट जन्मतःच सगळ्यांना दार लावून बसते. ते दार उघडून, वर बकेट पॉलिसी (कोणी काय वाचावं याचे नियम) लिहून पान दिसलंच, तर पत्ता साध्या एचटीटीपीचा. एस-थ्रीच्या वेबसाइट एंडपॉइंटला (साइटच्या पत्त्याला) एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, येत नाही, आणि ब्राउझर आपल्या चार निरुपद्रवी पानांवर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारून मोकळा होतो. मग पुढे क्लाउडफ्रंट, म्हणजे फायलींच्या प्रती ठेवून वाटणारी ॲमेझॉनचीच सेवा, उभा करायचा. त्याला एचटीटीपीएससाठी सर्टिफिकेट हवं. तुम्ही पृथ्वीवर कुठेही बसलेले असा, ॲमेझॉनचं सर्टिफिकेट नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्येच असावं लागतं. दुसरीकडे काढलंत तर ते वैध असतं, शाबूत असतं, फक्त निवडायच्या यादीत दिसत नाही. का दिसत नाही, हे यादी सांगत नाही.

खरी गंमत यापुढे. बकेट खाजगी ठेवून सगळं क्लाउडफ्रंटमार्फत द्यायचं, ही शहाणपणाची पद्धत. मुखपृष्ठ झकास उघडतं. ‘संपर्क’वर क्लिक केलं की पुन्हा ४०३! कारण डिफॉल्ट रूट ऑब्जेक्ट, म्हणजे पत्त्यात फाइलचं नाव नसताना द्यायची फाइल, फक्त साइटच्या मुळाशी लागू होतो. आतल्या फोल्डरमधली इंडेक्स फाइल आपणहून कोणी शोधत नाही. बरं, ‘फाइल सापडली नाही’ असं सरळ सांगावं, तर तेही नाही. बकेटमधली यादी बघायचा हक्क दिलेला नसेल, तर फाइल नाही ही बातमीसुद्धा गोपनीय समजली जाते. म्हणून पत्त्याच्या शेवटी इंडेक्सचं नाव चिकटवणारं चार ओळींचं क्लाउडफ्रंट फंक्शन लिहायचं. ज्या साइटला प्रोग्रामिंग लागणार नव्हतं तिच्यासाठी.

त्यानंतर फोन नंबर बदलला तरी साइटवर जुनाच दिसत राहतो. वेगळं काही सांगितलं नसेल तर क्लाउडफ्रंट प्रत २४ तास धरून ठेवतो. जुनी प्रत टाकून द्यायला इनव्हॅलिडेशन मागायचं, महिन्याला पहिले १,००० पाथ (पत्ते) फुकट, आणि अख्ख्या साइटला लागू होणारा स्लॅश-तारा हा एकच पाथ धरतात. एवढं एक औदार्य नोंदवलं पाहिजे.

अख्खा व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेणाऱ्यांबद्दल थोडक्यात: माशी मारायला तोफ, आणि तोफेला तेलपाणीही तुम्हीच करायचं. एनजिनएक्स (पानं देणारा प्रोग्राम), फायरवॉल, अपडेट, आणि ९० दिवसांनी संपणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट. शिकायचं असेल तर जरूर घ्या. साइट चालवायची असेल तर नको.

माझं मत विचाराल तर विचारायचा प्रश्न एकच: हद्द ओलांडली की साइट थांबते की मीटर पळतं? फेब्रुवारी २०२४ मध्ये एका स्टॅटिक साइटवर ट्रॅफिकचा मारा झाला आणि मालकाच्या हाती १,०४,५०० डॉलरचं बिल आलं. बोभाटा झाल्यावर ते माफ झालं, पण बोभाटा हा काही होस्टिंग प्लॅनचा भाग नव्हे. ‘मी बजेट अलर्ट लावलाय’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की साधा अलर्ट फक्त मेल पाठवतो, नळ बंद करत नाही. आणि मेलही काही तासांनी येतो, कारण बिलाचे आकडेच उशिरा जमतात.

या कसोटीवर कार्डाचा नंबर न मागणाऱ्या सेवा आपोआप वर येतात. गिटहब या कोड ठेवायच्या सेवेच्या ‘पेजेस’ होस्टिंगवर साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला १०० जीबी ट्रॅफिक. आपल्या तीन एमबीच्या हिशेबाने तेहतीस हजार माणसांनी पानन् पान बघितलं तरी पुरून उरेल, आणि तेवढी माणसं येणार नाहीत हे आपल्यालाही ठाऊक असतं. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला ५०० बिल्ड (साइट नव्याने तयार करणं), २०,००० फायली, एक फाइल फार तर २५ एमबी. अटी मात्र वाचाव्यात: गिटहब पेजेस ऑनलाइन दुकान चालवायला नाही, आणि व्हर्सेल या आणखी एका होस्टचा हॉबी प्लॅन बिगर-व्यावसायिक वापरापुरताच.

इथेही भुताटकी आहेच. गिटहबवर ब्रँचवरून (कोडच्या शाखेवरून) थेट प्रसिद्ध केलं तर मधे जेकिल हा पानं बनवणारा प्रोग्राम बसलेला असतो, आणि अंडरस्कोरने सुरू होणारे फोल्डर तो गिळून टाकतो. उपाय म्हणजे ‘.नोजेकिल’ नावाची फाइल, अर्थात इंग्रजी अक्षरांत. आत काही लिहायचं नाही. विंडोजवर नीट दिसणारा फोटो चढवल्यावर गायब झाला, तर एक्स्टेन्शन बघा: फाइल कॅपिटल जेपीजी आणि एचटीएमएलमध्ये स्मॉल. विंडोज हे खपवून घेतं, सर्व्हर घेत नाही.

डोमेन जोडताना ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ला सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा डीएनएस रेकॉर्ड) चालतो, नुसत्या डोमेनला चालत नाही. तिथे आधीच एसओए आणि एनएस हे डोमेनचे अनिवार्य रेकॉर्ड असतात आणि सीनेमला शेजारी खपत नाहीत. म्हणून गिटहबचे चार ए रेकॉर्ड (थेट आयपी पत्ते देणारे) घाला, किंवा फ्लॅटनिंग, म्हणजे सीनेमचं आपणहून ए रेकॉर्डमध्ये रूपांतर, करणारा डीएनएस घ्या. चालू साइट हलवायची असेल तर टीटीएल (डीएनएसचं उत्तर धरून ठेवायची मुदत) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणा. हलवल्यावर आणून उपयोग नाही, जगभरातल्या रिझॉल्व्हरांनी (पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरांनी) जुनं उत्तर जुन्या मुदतीसकट धरलेलं असतं.

राहिला संपर्काचा फॉर्म. स्टॅटिक होस्टकडे तो घ्यायला कोणी नसतं. गिटहब पेजेसवर सबमिट दाबलं की ४०५, म्हणजे ‘ही पद्धत चालत नाही’, येतो. बाहेरची फॉर्म-सेवा जोडा, नाहीतर फॉर्म काढून ईमेल पत्ता लिहा. स्पॅम येईल, पण निदान काहीतरी येईल.