गावच्या सामूहिक जमिनीची गावकरी पद्धत पोर्तुगीजांनी दिली म्हणे! मग १५२६ साली त्यांनी लिहून काय घेतलं?

आत्याने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला तेव्हा मी नेहमीप्रमाणे पुढे सरकलो. ‘४५० वर्षांत पोर्तुगीजांनी गोव्याला काय दिलं’ असं त्याचं शीर्षक, खाली मुद्द्यांची रांग, शेवटी जोडलेले हात. असले मेसेज आठवड्याला चार येतात. पण रविवारी बहिणीकडे गेलो तर नववीतल्या भाचीच्या प्रकल्पाच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : ‘गोव्यातील कोमुनिदाद पद्धत पोर्तुगीजांनी सुरू केली. खाजन शेतीचे बांधही त्यांनीच बांधले.’ (खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची सखल जमीन.) बाजूला रंगीत पेन्सिलीने पोर्तुगालचा झेंडा. मग मात्र गप्प बसवेना.

आधी तो आकडाच घ्या. ४५० वर्षं कुणाची? आल्फोन्सो द आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी. त्यात आला तो तिसवाडी तालुका. बार्देस आणि साष्टी हे तालुके १५४३ मध्ये. फोंडा त्यांच्या हाती लागला १७६३ मध्ये आणि पेडणे तर थेट १७८८ मध्ये. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, म्हणजे पेडण्याच्या वाट्याला १७३ वर्षं आली. पेडणेकरांना उगाच पावणेतीनशे वर्षं जास्तीची कशाला देता?

आता मूळ दुखणं. मेसेज म्हणतो, ‘गावाची जमीन सामूहिक ठेवण्याची कोमुनिदाद ही प्रगत युरोपीय पद्धत पोर्तुगीजांनी आणली. म्हणून त्या जमिनी १९६१ नंतर सरकारच्या झाल्या.’ दोन वाक्यं, दोन्ही चूक, आणि दुसरं नुसतं चूक नाही तर घातक.

कोमुनिदाद हा शब्द त्यांचा, वस्तू आपली. तिचं नाव गावकरी. १६ सप्टेंबर १५२६ रोजी आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज खजिना-अधिकाऱ्याने एक दस्तऐवज काढला. त्याला फोराल म्हणतात. त्याचं नावच मराठीत सांगायचं तर ‘गोवा बेट आणि त्याला जोडलेल्या बेटांतल्या गावकारांच्या व शेतकऱ्यांच्या वहिवाटी आणि रूढी’ असं आहे. वहिवाटी! गोवा घेऊन सोळा वर्षं झालेला माणूस गावकारांच्या रूढी लिहून काढतो. त्या रूढी त्याने आदल्या दिवशी घरी बसून तयार केल्या होत्या काय? पूर्वी पडीक जमिनीवर येऊन ज्यांनी ती लागवडीला आणली ते गावकार, असं तो फोरालच सांगतो. कशासाठी लिहिलं तेही उघड आहे : सारा कुणाकडून, किती आणि कोणत्या रिवाजाने घ्यायचा हे कळायला हवं होतं. वसुलीची वही लिहिणाऱ्याने दुकान काढलं असं कुणी म्हणत नाही.

एवढं लांब जायचं नसेल तर तालुक्यांची नावं तरी वाचा. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या. बार्देस म्हणजे बारा देश. साष्टी म्हणजे सहासष्ट. आल्बुकर्क येण्याच्या आधीपासून इथली माणसं गावं मोजून मुलखाला नाव देत होती. गावकरीतले शब्द बघा. गावकारांच्या मूळ घराण्यांचा गट तो वांगड. वर्षाचा खर्च, सारा, देवळाचा वाटा वजा जाऊन उरलेल्या उत्पन्नाचा वाटा तो झोण. हिशेब ठेवणारा कुळकर्णी. यातला एक तरी शब्द लिस्बनच्या बंदरातून आला असेल तर मला दाखवा.

खाजनाचं तर विचारूच नका. बांदोड्याला सापडलेल्या, कोकणच्या मौर्यांच्या काळातल्या, साधारण सहाव्या शतकातल्या ताम्रपटात खाजन जमिनीचा उल्लेख येतो. म्हणजे वास्को द गामाच्या आधी सुमारे नऊशे वर्षं. माझ्या मामाच्या गावी मी लहानपणी मानशीवर तासन् तास बसायचो. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून दाबतं आणि लाकडी झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, माणूस नाही. पोयीतली, म्हणजे बांधाआडच्या तळ्यातली, मासळी त्या तोंडाशी जाळ्यात येते आणि ती पकडण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, त्या पैशातून बांधाची डागडुजी. चिखल, पेंढा, बांबू, बाहेरून चिरे. बांध फुटला तर रात्री-अपरात्री सगळा गाव टोपल्या घेऊन धावायचा, कारण एकाचं शेत खारं झालं की शेजारच्याचंही होतं. ही भरती-ओहोटीची अक्कल खाडीकाठी पिढ्यान् पिढ्या राहिल्याशिवाय येत नाही.

आणि ‘सरकारी जमीन’? कोमुनिदादींचा कायदा १५ एप्रिल १९६१ चा आहे, तो मुक्तीनंतरही चालू राहिला आणि आज दोनशेहून जास्त कोमुनिदादी त्याखाली चालतात. सरकारची देखरेख आहे, मालकी नाही. ‘सरकारचीच आहे’ म्हटलं की डोंगराच्या उतारावर झोपडी ठोकणाऱ्याला आणि नंतर ती नियमित करून देणाऱ्याला, दोघांनाही मोकळं रान मिळतं. म्हणून हा मुद्दा भाचीच्या वहीत नको होता.

बाकीचे मुद्दे भरभर उरकतो. काजू, मिरची, अननस त्यांच्या जहाजांतून आले, खरं आहे. पाव आणि तो भाजणारा पदेरही त्यांचेच. घ्या. छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, हिंदुस्थानात पहिला, हेही खरं. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस तो मिटला आणि पुन्हा उघडला तो १८२१ मध्ये, हे मेसेजवाल्याने गिळलं. ‘आमच्या भाषेला त्यांनी जपलं’ यावर तर हसावं की रडावं? २७ जून १६८४ ला व्हाइसरॉयने कोकणी बंद करण्याचा हुकूम काढला होता.

समान नागरी कायद्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. १८६७ ची पोर्तुगीज संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि लग्नाबरोबर नवरा-बायकोच्या मालमत्तेचा निम्मा-निम्मा हक्क ही तिच्यातली गोष्ट चांगलीच आहे. माझ्या आईला तिचा उपयोग झाला. पण ‘सर्वांना एकच, कुणालाही सवलत नाही’ हे खोटं. १८८० च्या हुकमाने हिंदू नवऱ्याला ठरावीक परिस्थितीत दुसऱ्या लग्नाची मुभा दिली होती, उदाहरणार्थ बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झालं नाही तर. आणि ज्या संहितेचं कौतुक चाललंय ती खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये बदलून नवी आणली.

‘लोक सुखात होते, कुणी विरोध केला नाही.’ कुंकळ्ळीला जाऊन हे मोठ्याने म्हणून बघा. १५ जुलै १५८३ ला तिथल्या गावकारांनी पाच जेझुइट धर्मप्रसारकांना मारलं. देवळं पाडली जात होती आणि सारा द्यायला गाव तयार नव्हता. मग बोलणी करायला म्हणून गावच्या मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापून काढलं. एक निसटला. गावाच्या जमिनी गेल्या, देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आजही वर्षातून एकदा बारा वांगडांच्या बारा छत्र्या घेऊन तिची मिरवणूक कुंकळ्ळीत येते आणि त्या वांगडांतली ख्रिस्ती घराणीही तीत असतात. याशिवाय पिंटोंचा कट १७८७ चा, राणे मंडळींची बंडं १८५२ आणि १८९५ ची, मडगावात १८ जून १९४६ ची लोहियांची सभा. एवढं सुख!

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूचीही सांगायला हवी, नाहीतर मीही तसलाच मेसेज लिहिला असं होईल. गावकरी म्हणजे काही रामराज्य नव्हतं. झोण मूळ घराण्यांच्या पुरुषांना. चिखलात उभं राहून बांध भरणाऱ्या कुणबी-गावड्यांना मजुरी. आणि कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली ते योग्यच झालं, जरी मानशीकडे लक्ष देणारं मग कुणी उरलं नाही.

भाचीने वहीतली ती दोन वाक्यं खोडरबराने खोडली. झेंडा तसाच राहिला, फार वेळ घालवला होता म्हणाली. त्याच्या खाली तिने मानशीचं चित्र काढायला घेतलं. मधेच मान वर करून विचारलं, ‘मामा, बाबा गावकार आहेत ना? मग मोठी झाल्यावर मला झोण मिळणार?’

‘नाही. भावाला मिळेल.’

‘का?’

मी फोराल, वांगड, वहिवाट असं काहीबाही सांगत राहिलो. तिने ऐकून घेतलं आणि प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर ‘माझे प्रश्न’ असं लिहून खाली एक आकडा घातला.