स्टर्लिंगचा पिवळा महाल आणि रायगडाची जोती

2025च्या जुलैत महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. तेव्हापासून पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर एकच लावून धरतो, "दादा, रायगडावरचा राजवाडा पुन्हा उभा राहिलाच पाहिजे. तुमच्या स्कॉटलंडमध्ये केलंच ना त्यांनी?"

केलं, हे खरं. इथून तासाभरावर स्टर्लिंगचा किल्ला आहे. चौथ्या जेम्स राजाने 1500च्या सुमारास बांधलेला तिथला ग्रेट हॉल पुढे लष्कराकडे गेला आणि बराकींसाठी आत मजले नि भिंती चढल्या. 1964 मध्ये लष्कर निघालं. ती भर उपसून हॉल मूळ रूपात यायला 1999 उजाडलं. पस्तीस वर्षं! वर ओकचं नवं छत, बाहेरून पिवळसर सोनेरी चुना. करड्या दगडांच्या गावात तो रंग अनेकांना खुपला. पण तो कुणाच्या लहरीतून आलेला नव्हता, जुन्या चुन्याचे अंश सापडले होते.

मला जास्त भावलं ते त्याच किल्ल्यातल्या राजवाड्याचं काम. राजाच्या दालनाच्या छतात सोळाव्या शतकातल्या ओकच्या कोरीव चकत्या होत्या, त्यांना स्टर्लिंग हेड्स म्हणतात. 1777 मध्ये ते छत उतरवलं गेलं. आज वाचलेल्या मूळ चकत्या वेगळ्या दालनात आहेत, काळपट, चिरा गेलेल्या. एकीच्या कडेला ओळीने शून्यं आणि उभ्या रेघा कोरल्यात. ती हार्पची जुनी स्वरलिपी असावी, असं काही अभ्यासक मानतात. छतात बसवल्या आहेत त्या नव्याने कोरून रंगवलेल्या. जुनं कोणतं नि आपलं कोणतं, हे त्यांनी लपवलेलं नाही.

रायगडाचं तसं नाही. 1818च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी राजवाडा पेटला, लाकूडकाम राखेत गेलं, उरली जोती. स्टर्लिंगच्या सुतारांपुढे नमुने होते. आपण आपल्या सुतारांपुढे काय ठेवायचं? अंदाजाने उभारलेल्या महालाखाली ती जोती झाकली गेली, तर महाराज वावरले ती खरी जागाच आपण पुरून टाकू. त्यापेक्षा उत्खनन सावकाश होऊ दे, डागडुजीला सिमेंट न लावता चुना वापरू दे, आणि उभा आहे तो नगारखाना आधी जपू दे.

भावाला हे फोनवर पटत नाही. डिसेंबरात मी येतोय. आम्ही दोघं गडावर जाऊ, आणि जगदीश्वराच्या पायरीपाशी, जिथे गड बांधणाऱ्या हिरोजीने आपलं नाव कोरलंय, तिथे निवांत बसून बोलू.