पारंपरिक यांचं आडनाव

फॉर्मवर तेरावा रकाना होता, 'गीतकाराचं नाव'. शेजारी लाल चांदणी. लाल चांदणीचा अर्थ, हे भरल्याशिवाय पुढे सोडणार नाही. रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि मी त्या चांदणीकडे बघत बसलो होतो, कारण गाण्याला गीतकारच नव्हता.

मी लोकसंगीत गातो आणि मँडोलिन वाजवतो. 'स्वतंत्र कलाकार' आहे. म्हणजे कुठल्याही कंपनीनं विचारलेलं नाही, पण परिचयात 'स्वतंत्र' बरं दिसतं. गायक मी, वादक मी, ध्वनिमुद्रक मी, पोस्टर करणारा मी. पोस्टर छापून आल्यावर त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवणारी बायको.

गाणं नावाड्यांचं आहे. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी वल्ह्याच्या हिसक्यासरशी ती उचलायची. मला ते एका म्हाताऱ्या नावाड्याकडून मिळालं. तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. म्हणाले, "शिकवायचं काय त्यात? सगळे म्हणायचे." झालं. गीतकार सगळे, संगीतकारही सगळे.

मी रकान्यात 'पारंपरिक' लिहिलं. लगेच पुढचा रकाना उघडला, 'आडनाव'. त्यालाही चांदणी. रिकामा ठेवला तर लाल झाला. आडवी रेघ मारली तर 'विशेष चिन्हं चालणार नाहीत' असं म्हणाला. शेवटी वैतागून तिथंही 'पारंपरिक' लिहिलं आणि झोपलो. गाणी जगभरच्या ॲपांवर चढवून देणाऱ्या त्या कंपनीकडून तिसऱ्या दिवशी नम्र मेल आला: 'पारंपरिक पारंपरिक यांचा ईमेल पत्ता कळवावा, म्हणजे मानधनातला त्यांचा ५० टक्के हिस्सा परस्पर त्यांच्याकडे वळता करता येईल.'

हसू नका. या घोळाला मोठी परंपरा आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं इंग्लंड-स्कॉटलंडकडची जुनी कथागीतं गोळा करून १८८२ ते १८९८ या काळात छापली. एकूण ३०५. ती रचणाऱ्यांची नावं कुणालाच माहीत नव्हती, म्हणून आज ती 'चाइल्ड बॅलड' म्हणून ओळखली जातात. रचली कुणी, गायली कुणी आणि नाव लागलं प्राध्यापकांचं! पुढे स्टीव्ह राउड या ग्रंथपालानं इंग्रजी लोकगीतांची सूची करायला घेतली. त्यात आता सुमारे २५,००० गाणी आहेत, आणि एकच गाणं पन्नास ठिकाणी पन्नास तऱ्हांनी गायलं जात असलं तरी त्याचा क्रमांक एकच. म्हणजे माणूस हरवला तरी क्रमांक हरवत नाही. माझ्या गाण्यालाही बारा अक्षरी क्रमांक मिळाला. देशाची दोन अक्षरं, नोंदणी करणाऱ्याची तीन, वर्षाचे दोन अंक आणि पुढे पाच आकडे. बारा अक्षरांत ते म्हातारे आजोबा कुठंच नव्हते.

पण हे सगळं नंतरचं. आधी गाणं रेकॉर्ड करावं लागलं.

माझा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट. कपडे आवाज शोषून घेतात, त्यामुळे भिंतीवरून आपटून येणारा बादलीत गायल्यासारखा घुमारा येत नाही. दिवसा वरच्या मजल्यावर ड्रिल चालतं. ते थांबलं की खालचा कुत्रा आपलं मत मांडतो. म्हणून रात्रीचे दोन. आणि रात्री दोनला घरदार झोपलेलं, तेव्हा आवाज चढवायचा नाही. वाऱ्यापाण्याच्या वर आवाज जावा म्हणून छाती फाडून म्हणायचं ते गाणं मी लोकरी कोटांच्या मध्ये उकिडवा बसून कुजबुजत गायलो. ओळ टाकणारा मी, ती उचलणारे दहा जणही मीच. दहा वेळा वेगवेगळी कुजबुज रेकॉर्ड करून एकावर एक चढवली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहा चोर एक होडी पळवून नेतायत असं वाटलं.

जॉन लोमॅक्स आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा ॲलन १९३३ साली अमेरिकेत लोकगीतं गोळा करत हिंडले, तेव्हा त्यांच्या मोटारीच्या डिकीत ३१५ पौंडांचं, म्हणजे सुमारे १४३ किलोंचं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. माझं यंत्र खिशात मावतं. कपाटात मावत नाही तो मी.

शिवाय मँडोलिनला आठ तारा, चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एका स्वरात लागल्या तरच ते वाद्य, नाहीतर भांडण. बंद कपाटात माणूस श्वास सोडत बसला की हवा तापते, तारा सैलावतात आणि स्वर उतरतो. चौथी जोडी लावून होईपर्यंत पहिलीनं फारकत घेतलेली असते. त्या रात्री तारा कशाबशा जमल्या, तर प्रत्येक ठोक्यामागे एक बारीकसं 'टिन्'. तार पट्टीला लागतेय म्हणून तारांखालची घोडी वर केली, खाली केली, तार बदलली. टिन्. माइक बदलला. टिन्. पहाटे पावणेचारला सापडलं. बायकोच्या जाकिटाच्या चेनचा पत्र्याचा दांडा शेजारच्या हँगरला टेकत होता. मी तो बोटानं अलगद धरला. आता माझा उजवा हात वाजवायला, डावा स्वरांवर, आणि चेन धरायला तिसरा हवा. तो मी तोंडानं भागवला. त्यामुळे त्या रात्री गाणं झालं नाही.

यथावकाश गाणं झालं, आणि पारंपरिक पारंपरिक यांचा हिस्सा रद्द करून घेतल्यावर (त्याचाही एक फॉर्म आहे) ते जगासमोर आलं. आता फक्त जगाला कळवायचं होतं.

लोकांना आपलं गाणं ऐकायला सांगणं हे उसने पैसे मागण्यासारखं आहे. आधी प्रकृतीची चौकशी करायची, मग मुलांची, मग 'सहज आठवण झाली म्हणून' असं म्हणत लिंक सरकवायची. समोरच्याला पहिल्या वाक्यालाच कळलेलं असतं. नातेवाइकांच्या गटात टाकलं तर नऊ सेकंदांत चौदा अंगठे वर झाले. गाणं चार मिनिटं बारा सेकंदांचं आहे. मामांनी लिहिलं, 'अप्रतिम!! कोणत्या चित्रपटातलं?' आत्यानं लिहिलं, 'लिंक नको, गाणंच पाठव.' गाणं पाठवलं तर, 'हे आपोआप कसं वाजत नाही?' एका जुन्या मित्रानं मात्र खरंच ऐकलं. त्याचा फोन आला.

"चांगलंय रे. पण सुरुवातीला काय आहे ते?"

"पाण्याचा आवाज. वल्ही पडतायत. मग लांबून हाक येते."

"किती वेळ?"

"चाळीस सेकंद."

"तीस सेकंदांच्या आत माणूस निघून गेला तर ते ऐकणं मोजतच नाहीत, माहितीये ना? हाकबीक काढ. मुखडा आधी घे."

म्हणजे नाव पाण्यात उतरायच्या आत पैलतीर गाठायचा. त्याचं गणित चूक नव्हतं. गाणी ऐकवणाऱ्या एका मोठ्या सेवेनं तर २०२४ पासून असाही नियम केलाय की वर्षभरात किमान १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच धरायचे नाहीत. मी हिशोब केला. आई रोज तीनदा ऐकते, तेवढ्यानं भागेल. पण मग कळलं की आई ऐकते ते मी फोनवर पाठवलेलं. "त्या ॲपमध्ये मध्येच जाहिरात लागते रे, तुझा आवाज तुटतो." तिला काय सांगणार?

दुसऱ्या महिन्यात, मी टाकलेल्या या गाण्याच्या व्हिडिओवर सूचना आली. यंत्रानं ओळखलं होतं की हे गाणं दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं आहे. कुणीतरी परक्यानं हेच नावाड्यांचं गाणं ढोल-बिल लावून गायलं होतं, आणि चाल तीच असल्यामुळे यंत्राच्या लेखी मी चोर. ज्या गाण्याला जन्मदाता सापडत नव्हता त्याला मालक बरा सापडला! मी तक्रार केली, 'हे गाणं पारंपरिक आहे.' उत्तर आलं, दावेदाराला म्हणणं मांडायला ३० दिवसांची मुदत आहे. एकतिसाव्या दिवशी दावा गुपचूप निघून गेला. तोवर ऐकणारेही गेले होते.

त्याच सुमाराला एका छोट्या रेडिओ केंद्रानं मला आठवड्याला एक तास देऊ केला. मंगळवारी रात्री अकरा ते बारा. पैसे नाहीत, पण 'तुमचं नवं संगीतही वाजवा आणि लोकसंगीताबद्दल बोला.' मला हुरूप आला. बोलायला मला आवडतं. बायको म्हणाली, "एक तास? एकटाच? आणि मध्ये कुणी उठून जाऊ शकत नाही?"

"रेडिओ बंद करू शकतात."

"मग ठीक आहे."

रेडिओवर आपण कुणाशी बोलतो हा मोठा प्रश्न आहे. कपाटात बसून 'नमस्कार श्रोतेहो' म्हटलं की समोरचे कोट दाद देत नाहीत. पहिला नमस्कार मी चौदा वेळा रेकॉर्ड केला. एक फार आनंदी झाला, एक श्रद्धांजलीसारखा, एकात पोटात गुरगुरलं. कार्यक्रम भरायचा तास, पण फाईल द्यायची बरोबर ५८ मिनिटं ३० सेकंदांची, उरलेल्या दीड मिनिटात केंद्राच्या सूचना. तीन सेकंद जास्त झाले की त्यांचा संगणक शेवटचा शब्द तोडतो. माझे पहिले दोन कार्यक्रम 'पुन्हा भेटू, तोपर्यंत न' इथं संपले.

पत्रं येत नव्हती. पण रेडिओवर पत्रं यावी लागतात. म्हणून मी खोटं बोलायला लागलो. 'अनेक श्रोत्यांनी विचारलंय की जुन्या काळी ही गाणी टिकवली कशी?' कुणीही विचारलेलं नव्हतं. मीच उत्तर द्यायचो की एडिसननं १८७७ साली आवाज धरून ठेवणारं यंत्र केलं, पुढे तेच मेणाच्या नळकांड्यांवर चालायला लागलं, आणि बेला बार्टोक हा हंगेरियन संगीतकार ते घेऊन हंगेरीच्या खेड्यांत गेला. एका नळकांड्यावर दोन-चार मिनिटंच मावत. गाणारी बाई रंगात आली की नळकांडं संपायचं. हे सांगताना मला बार्टोकबद्दल फार जिव्हाळा वाटायचा. त्यालाही कुणी ५८ मिनिटं ३० सेकंद सांगितलं असतं तर?

अकराव्या कार्यक्रमात मी एक कलात्मक गोष्ट केली. तिथं सगळं फिस्कटलं.

नावाड्यांचं गाणं लावलं. ते संपल्यावर भारावून म्हणालो, 'आता मी काही बोलणार नाही. गाणं संपल्यावर पाण्यावर जी शांतता पसरते, ती आपण सगळे मिळून ऐकूया.' आणि खरंच वीस सेकंद काही नाही. कपाटात सुद्धा काटा आला अंगावर. त्यानंतर सव्वीस मिनिटं मी इतकं चांगलं बोललो होतो, की तसं पुन्हा जमणार नाही.

ते कुणीच ऐकलं नाही. रात्री केंद्रावर माणूस नसतो, संगणक असतो. सलग काही सेकंद आवाज आला नाही की तो समजतो, प्रक्षेपण मेलं. मग तो आपणहून राखीव संगीत सुरू करतो. माझ्या शांततेच्या दहाव्या सेकंदाला त्यानं बासरीची एक फाईल लावली. ती संपली की पुन्हा तीच, असं बारा वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या तंत्रज्ञानं फोन केला. बिचारा ओशाळला होता. "सर, तुम्ही आधी सांगायला हवं होतं. शांतता असेल तर ती कळवावी लागते."

"कुणाला?"

"संगणकाला. पण सर, एक चांगली बातमी आहे. तुमच्या कार्यक्रमाला पत्र आलंय."

पहिलं पत्र! मी उभ्या उभ्या वाचलं. 'आपला कार्यक्रम नियमित ऐकतो. कालचा विशेष आवडला. शेवटची बासरी निवांत ऐकता आली, मध्ये मध्ये बोलणं नव्हतं. डोळे मिटून पडून होतो. कृपया कलाकाराचं नाव कळवावं. अजून काही वाजवलं असेल तर तेही लावावं.'

नियमित ऐकतो! म्हणजे अकरा मंगळवार हा माणूस माझ्या बोलण्यातून जीव मुठीत धरून गेला होता. एवढ्या निष्ठेला उत्तर द्यायलाच हवं होतं. मी तंत्रज्ञाला विचारलं, बासरी कुणाची? त्यानं आधीच्या तंत्रज्ञाला विचारलं. त्यानं सांगितलं, मी आलो तेव्हापासून ती संगणकात आहे. फाईलचं नाव 'चाचणी दोन, शेवटची, नवी'. कधी वाजवली, कुठं, कुणी, काही पत्ता नाही. सगळे तीच लावतात.

मी ती पुन्हा ऐकली. चांगली होती. वाजवणारा मध्येच एकदा श्वास चुकतो आणि ती चूक सावरून घेतो, ते फार छान होतं.

श्रोत्याला मी पत्र लिहिलं. कार्यक्रम आवडल्याबद्दल आभार, पुढच्या मंगळवारी बासरी पुन्हा लावतो, वगैरे. कलाकाराच्या नावापाशी थोडा थबकलो, आणि मग 'पारंपरिक' असं लिहून टाकलं.

उत्तर दोन दिवसांत आलं. 'आभारी आहे. हे नाव की आडनाव?'