फी परदेशी पाठवण्याचा ‘सोपा मार्ग’: एका संदेशाचा प्रतिवाद

महिन्यापूर्वी माझ्या थोरल्या बहिणीने मला एक संदेश पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, की “हे वाच, आपले तीन लाख साठ हजार वाचतील.” तिचा मुलगा अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, आणि 2025-26 या आर्थिक वर्षात फी व राहण्याचा खर्च मिळून त्याला सुमारे 18 लाख रुपये पाठवायचे होते. संदेशात सुचवलेल्या मार्गाने पहिला हप्ता द्यायचे ताई आणि भावोजींनी जवळजवळ ठरवले होते. समोरच्या माणसाचा खाते क्रमांकही त्यांनी घेऊन ठेवला होता. हाच संदेश पालकांच्या गटागटांतून अजून फिरतो आहे, आणि शिकलेली, हिशेबी माणसेसुद्धा तो खात्री न करता पुढे ढकलत आहेत, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. परदेशी पैसे पाठवले की 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, कापला जातो आणि तो बुडतो; म्हणून तिकडे राहणाऱ्या कोणाशी तरी अदलाबदल करावी, म्हणजे आपण इथे त्याच्या घरच्यांना रुपये द्यावेत आणि त्याने तिथे आपल्या मुलाला डॉलर द्यावेत. ते जमत नसेल तर ‘शून्य शुल्क’ असलेली सेवा निवडावी, कारण बँका लुटतात. अर्जात पैसे पाठवण्याचा उद्देश कोणताही लिहिला तरी चालतो, बँकांच्या स्विफ्ट व्यवस्थेने पाठवलेले पैसे वाटेत हरवतात, आणि यूपीआय आता परदेशातही चालत असल्याने लवकरच या कशाचीच गरज उरणार नाही.

यातला अदलाबदलीचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी लिहितो. संदेशात त्याला ‘दोन कुटुंबांमधली आपसांतली मदत’ असे म्हटले आहे, आणि पैसा देशाबाहेर जातच नसल्यामुळे कायद्याचा प्रश्न येत नाही असे त्याचे स्पष्टीकरण दिले आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, 1999 साली झाला, आणि त्याचे कलम 3 जणू याच स्पष्टीकरणाला उत्तर म्हणून लिहिलेले आहे. रिझर्व्ह बँकेची परवानगी नसेल, तर अधिकृत व्यक्तीखेरीज (म्हणजे त्या बँकेने परवाना दिलेली बँक किंवा चलन-विक्रेता यांच्याखेरीज) कोणाशीही परकीय चलनाचा व्यवहार करता येत नाही, परदेशात राहणाऱ्या व्यक्तीला किंवा तिच्या नावे कोणत्याही रीतीने पैसे देता येत नाहीत, आणि परदेशातली मालमत्ता मिळावी म्हणून तिच्या मोबदल्यात भारतात आर्थिक व्यवहारही करता येत नाही, असे ते कलम सांगते. इथे रुपये द्यायचे आणि त्या बदल्यात तिथे डॉलर मिळवायचे, ही अदलाबदल त्या शेवटच्या वाक्यात जशीच्या तशी बसते. पैसा सीमा ओलांडतो की नाही, यावर काहीही अवलंबून नाही. हवालाही याच रीतीने चालतो, आणि त्यातही नोटा सीमेपलीकडे जात नाहीत. कलम 13 प्रमाणे अशा व्यवहाराला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्येकाला तेवढा होईल असे मी म्हणत नाही, पण 18 लाखांच्या व्यवहारात ती कमाल मर्यादा 54 लाखांची आहे, हे ताईला आकड्यात सांगितल्यावरच ती थांबली.

अमेरिकेत असलेल्या सख्ख्या काकाने आपल्या पुतण्याला स्वतःच्या कमाईतून पैसे दिले आणि इथे त्याच्या वतीने कोणीही काही घेतले नाही, तर ती अदलाबदल होत नाही, हेही सांगायला हवे. मोबदला आला की व्यवहाराचे स्वरूप बदलते, आणि त्या संदेशाचा सगळा आधार मोबदल्यावरच आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, तिथे डॉलर देणारा माणूस कोण आहे आणि त्याचे डॉलर कुठून आले आहेत, हे मुलाला कधीच कळत नाही. ते फसवणुकीतून आलेले असले, तर मुलाचे खाते गोठू शकते, आणि परक्या देशात चौकशीला उत्तर देण्याची वेळ एकट्या विद्यार्थ्यावर येऊ शकते. याहून क्रूर प्रकारही घडतो. ‘तुमची फी आम्ही थेट विद्यापीठात भरतो, वर सवलतही देतो’ असे सांगून चोरलेल्या कार्डावरून फी भरली जाते, विद्यापीठाची पावती पाहून पालक रुपये देऊन मोकळे होतात, आणि काही आठवड्यांनी मूळ कार्डधारकाने तक्रार केली की ती रक्कम परत खेचली जाते. मग फी थकलेली राहते, रुपये गेलेले असतात, आणि व्यवहारच बेकायदा असल्यामुळे तक्रार करायलाही पालक घाबरतात. भाच्याच्या बाबतीत असे होऊ शकले असते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता टीसीएसविषयी, कारण अदलाबदलीचा मोह त्याच भीतीतून निर्माण होतो. 20 टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो गुंतवणूक, भेट अशा इतर कारणांसाठी पाठवलेल्या पैशांचा आहे, आणि तोही वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर. 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 7 लाखांवरून 10 लाख झाली. त्या आर्थिक वर्षात शिक्षणासाठी दर 5 टक्के होता, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी भरली तर टीसीएस अजिबात नव्हता. म्हणजे ताईच्या 18 लाखांपैकी पहिल्या 10 लाखांवर काही नाही आणि उरलेल्या 8 लाखांवर 40 हजार, असा हिशेब होतो. संदेशाने तो नऊपट करून सांगितला. शिवाय टीसीएस म्हणजे आगाऊ जमा केलेला कर आहे. पाठवणाऱ्याच्या पॅनवर तो आयकर खात्याकडे नोंदला जातो, विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो, आणि जास्त असेल तर परत मिळतो. ही रक्कम काही महिने बिनव्याजी अडकून पडते आणि हप्ते भरणाऱ्या कुटुंबाला ते जड जाते, एवढी तक्रार मात्र खरी आहे. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्यामुळे, ज्या वर्षी पैसे पाठवायचे त्या वर्षाचा दर पाहावा, संदेशातला पाहू नये.

‘शून्य शुल्क’ या शब्दांची भुरळ ताईला फार पडली होती. पैसे पाठवणारी सेवा दोन ठिकाणी कमावते: एक उघड शुल्क, आणि दुसरी हुंडणावळ, म्हणजे बाजारातला विनिमय दर आणि ती आपल्याला देते तो दर यांतला फरक. समजा बाजारात डॉलर 85 रुपयांना आहे आणि 10,000 डॉलर पाठवायचे आहेत. एक सेवा शुल्क घेत नाही, पण डॉलर 87 रुपयांना देते. तिथे 20,000 रुपये जास्तीचे गेले. दुसरी 1,500 रुपये शुल्क लावते आणि डॉलर 85 रुपये 40 पैशांना देते; तिथे 5,500 रुपये गेले. शून्य शुल्काची सेवा 14,500 रुपयांनी महाग पडली, आणि पावतीवर हा फरक कुठेही छापलेला नसतो. चलन बदलण्यावरचा जीएसटी दोन्हीकडे द्यावाच लागतो. एवढ्या रकमेवर तो साधारण साडेआठशे रुपये होतो. म्हणून प्रत्येक सेवेला एकाच दिवशी, एकाच तासात, एकच प्रश्न विचारावा: तिथल्या खात्यात पूर्ण 10,000 डॉलर पडण्यासाठी माझ्या खात्यातून सगळे धरून किती रुपये जातील? या प्रश्नाला आकड्यात उत्तर न देणाऱ्या सेवेकडे जाऊ नये.

बँका महाग असतात, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. जागतिक बँक जगभरातल्या पैसे पाठवण्याच्या खर्चाची नियमित नोंद ठेवते, त्यात शुल्क आणि दरातला फरक दोन्ही धरते, आणि सेवांच्या प्रकारांत बँकाच सर्वांत महाग असल्याचे त्या नोंदींतून सातत्याने दिसते. त्या नोंदी 200 डॉलरसारख्या लहान रकमांच्या आहेत, त्यामुळे तीच टक्केवारी मोठ्या फीला लावता येत नाही. तरी ओळखीच्या शाखेत जाऊन मिळेल तो दर स्वीकारू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो. पण स्वस्त सेवा शोधताना ती रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेली आहे, किंवा तिच्यामागे अधिकृत बँक उभी आहे, हे आधी तपासावे. परदेशातून आलेले पैसे जिथे मिळतात त्या खिडकीवरूनच ते पाठवताही येतील, असा समज अनेकांचा असतो. त्या खिडक्या ज्या योजनेखाली चालतात, त्या मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीमखाली मात्र फक्त येणाऱ्या पैशांना परवानगी आहे.

उद्देश कोणताही लिहा, हा सल्ला निष्काळजीपणाचा आहे. परदेशी पैसे पाठवताना भरायच्या ए-2 अर्जावरचा उद्देश हे पाठवणाऱ्याचे स्वतःच्या सहीचे निवेदन असते, आणि टीसीएसचा दर त्यावरूनच ठरतो. फी पाठवताना ‘भेट’ असे लिहिले, तर ज्या 20 टक्क्यांच्या भीतीने संदेश सुरू होतो, ते आपणच ओढवून घेतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत (एलआरएस) एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे फीसाठी खोटे लिहिण्याचे कारणही उरत नाही.

स्विफ्ट ही बँकांमधली निरोपांची व्यवस्था आहे. पैसे एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात हिशेबाने वळते होतात. ते हरवत नाहीत, पण मधली बँक आपले शुल्क कापून घेते आणि विद्यापीठाला वीस-पंचवीस डॉलर कमी पोहोचतात, हे वारंवार घडते, आणि तेवढ्यासाठी मुलाची नोंदणी अडू शकते. यावर उपाय असा, की अर्ज भरताना सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे असलेला ‘अवर’ हा पर्याय निवडावा, आणि व्यवहाराचा 36 अक्षरांचा मागोवा क्रमांक, म्हणजे यूईटीआर, बँकेकडून मागून घ्यावा.

यूपीआयविषयी तीन वाक्ये पुरेत. फेब्रुवारी 2023 मध्ये सिंगापूरच्या पे-नाउशी ते जोडले गेले आणि तिथे मर्यादित रक्कम खात्यातून खात्यात जाते. इतर काही देशांत दुकानात क्यूआर स्कॅन करून खर्च करता येतो. अमेरिकेतल्या विद्यापीठाची फी त्यातून भरता येत नाही.

ताईने अखेर तीन ठिकाणी तो एक प्रश्न लेखी विचारला. तिच्या जुन्या शाखेचे उत्तर सर्वांत महाग निघाले. इतर दोन उत्तरे दाखवून तिने शाखेला दर कमी करायला सांगितला, शाखेने थोडा केलाही, पण तरी तिने दुसऱ्या एका बँकेतून ‘अवर’ पर्यायाने साडेआठ लाखांचा पहिला हप्ता पाठवला. रक्कम 10 लाखांच्या आत असल्यामुळे टीसीएस कापला गेला नाही. चौथ्या दिवशी भाच्याने विद्यापीठाची पावती पाठवली, आणि तिच्यावरचा आकडा मागणीपत्रावरच्या आकड्याशी डॉलरला डॉलर जुळला.