बेसिल फॉल्टी एकदा तरी खरं बोलला असता तर

काल जेवणं उरकल्यावर परत ‘फॉल्टी टॉवर्स’ लावलं, बेसिल फॉल्टी नावाच्या हॉटेलमालकाची ती जुनी ब्रिटिश विनोदी मालिका. बायको म्हणाली, “अरे, पाठ झालं असेल आता!” झालंय ना. म्हणून तर लावलं.

एकूण भाग १२. सहा १९७५ साली, सहा १९७९ साली, आणि दुकान बंद. आपल्याकडे १२ भागांत सासूबाईंच्या चहाला उकळीसुद्धा फुटत नाही.

मूळ किस्सा बहुतेकांना माहीत असेल. १९७० साली मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूची मंडळी चित्रीकरणासाठी इंग्लंडमधल्या टॉर्कीला ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली होती. तिथल्या मालकाला पाहुण्यांचा भयंकर तिटकारा. त्यांच्यातल्या एरिक आयडलच्या बॅगेत बाँब असेल म्हणून त्याने ती उचलून बाहेर भिंतीपलीकडे ठेवली. बाकीचे वैतागून दुसऱ्या हॉटेलात गेले, जॉन क्लीज मात्र तिथेच राहिला. असं पात्र आयतं समोर वावरत असताना कोणता लेखक खोली सोडेल? पुढे त्याने आणि अभिनेत्री कॉनी बूथने मिळून ही मालिका लिहिली, आणि बेसिल त्यानेच रंगवला.

लोक म्हणतात, बेसिल उद्धट आहे म्हणून मजा येते. मला नाही पटत. उद्धट माणसं ढिगाने आहेत, त्यांना पन्नास वर्षं कोण बघत बसेल? बेसिल भित्रा आहे. बायकोला, लोकांच्या नजरेला, आपली पायरी उघडी पडण्याला. कुठलाही भाग घ्या, याने एक वाक्य सरळ खरं सांगितलं तर पाच मिनिटांत सगळं आटपेल. पण छे! एक पाहुणा रात्रीत खोलीत मरतो. बेसिल सकाळी नाश्ता नेऊन देतो, नेहमीसारखी बडबड करून येतो, माणूस मेलाय याचा पत्ताच नाही. कळल्यावर त्याला घाम फुटतो तो ताटातल्या शिळ्या माशांमुळे. डॉक्टर सांगतात, याला जाऊन बरेच तास झालेत. म्हणजे मासे निर्दोष, तर हा आनंदाने उड्या मारतो! प्रेत समोर, आणि यजमान खूश. सगळा बेसिल तिथे सापडतो.

हॉटेलातल्या वेटरला, मॅन्युएलला, बेसिलकडून पडणारा मार आता थोडा खुपतो, हे खरं. (आणि तो स्पॅनिश वेटर रंगवणारा अँड्र्यू सॅक्स मुळात बर्लिनचा, नाझींमुळे लहानपणीच घरच्यांबरोबर देश सोडून आलेला. त्याचं इंग्रजी मोडकं करणं हेच केवढं काम!)

माझा सगळ्यात लाडका भाग घोड्याचा. बेसिल बायकोला, सिबिलला, चोरून ड्रॅगनफ्लाय नावाच्या घोड्यावर पैसे लावतो आणि चक्क ७५ पौंड जिंकतो. मॅन्युएलला दम भरतो: तुला यातलं काहीही माहीत नाही, कळलं? तेवढ्यात मिसेस रिचर्ड्स या कजाग बाईंचे ८५ पौंड हरवतात. त्यांना ऐकू येत नाही आणि बॅटरी संपेल म्हणून त्या कानातलं यंत्र चालूच करत नाहीत. बेसिलच्या हातातल्या नोटा बघून बाई त्याच्यावरच चोरीचा आळ घेतात. आता वाचवणारा एकच साक्षीदार. बेसिल कळवळून म्हणतो, मॅन्युएल, सांग यांना सगळं.

मॅन्युएल ताठ उभा राहतो, छाती फुगवतो आणि एकेक शब्द तोलून सांगतो की मला काहीही माहीत नाही.

शिकवलेलं त्याच्या नेमकं तेवढंच लक्षात राहिलेलं असतं.